ओंगारचा कावळा आणि तुझी जपानी गाणी

प्रिय मुग्धा,

आज तुझं वर्षश्राद्ध झालं. भांडी घासून झाली, इरा वर तिच्या खोलीत आहे आणि मी तुझ्याशी भांडायला बसलोय. वर्षभर सगळे मला 'रडून घे' सांगत होते. 'भांडून घे' असं कोणी म्हणालं नाही, ते माझं मीच ठरवलं.

स्वतःच्या लेकीवर जळणारा बाप तू कधी पाहिलास का? तुमचा दोघींचा तो जपानी बँड. आधी गिटार कुरकुरते, मग गायक कळवळून काहीतरी सांगतो, मग सगळे एकदम वाद्यांवर तुटून पडतात. शाळेत जाता-येता गाडीत तेच. एका शब्दाचा अर्थ ठाऊक नाही आणि दोघींना तोंडपाठ! मी गाडीत बसलो की तू आवाज बंद करायचीस आणि विचारायचीस, "काय म्हणतंय ऑफिस?" ऑफिस काय म्हणणार होतं?

चाळिशीत बायको नव्याने प्रेमात पडली, तर नवऱ्याने जळूसुद्धा नये? तेही एकावर नाही, अख्ख्या बँडवर. त्या गिटारवाल्याच्या कपाळावर एवढे केस, त्याला समोरचं दिसायचं तरी का?

तू गेल्यावर इरा ती गाणी हेडफोनवर ऐकायला लागली. मी स्वयंपाकघरात आलो की तिचे ओठ हलायचे थांबतात. तिच्याकडे तू अजून गातेस. माझ्याकडे तुझं हिवाळी जाकीट आहे. ही कुठली वाटणी?

तर आजचं ऐक. गुरुजी पुण्याहून व्हिडिओवर होते. त्यांनी सांगितलं तसं मागच्या अंगणाच्या भिंतीवर पान ठेवलं, भात, वडे, खीर, सगळं. एरवी इथले, डब्लिनच्या ओंगारमधले कावळे कचऱ्याच्या पिशव्या फाडून खातात. आज शेजारच्या छपरावर बसून नुसते बघत होते.

"काही इच्छा राहिली असेल हो. शब्द द्या," गुरुजी म्हणाले.

मी दिला. इराच्या शिक्षणाचं बघेन. तुझ्या आईंना दर रविवारी फोन करेन. तब्येत सांभाळेन. कावळे ढिम्म.

मग इरा पुढे झाली. "आई, आय'ल लर्न द गिटार, आय प्रॉमिस," म्हणाली आणि तुमचं एक गाणं हळू आवाजात गायला लागली. मनात म्हटलं, झालं, आता येणार. लेकीसाठी येणार आणि नवऱ्याला डावलणार. पण तू तिच्यासाठीही आली नाहीस. खरं सांगू? मला बरं वाटलं.

मग ती गाता गाता रडायला लागली आणि मला माझीच लाज वाटली. तिला जवळ घ्यायचं सोडून मी विचारलं, "तुम्ही मला का नाही गं ऐकवलीत कधी?"

"यू नेव्हर आस्क्ड, बाबा. आई सेड, त्याने आपणहून विचारलं पाहिजे. शी वॉज वेटिंग."

मुग्धा, हा कसला मानपान? तू काय लग्नातली रुसलेली विहीण होतीस? मी बसलो की आवाज बंद तू करणार आणि विचारायचं मी? एकदा बटणाला हात लावायचं विसरली असतीस, तर काय बिघडलं असतं?

गुरुजी अजून फोनवरच होते. शेजारच्या बाई खिडकीत होत्या. सगळ्यांदेखत मी भिंतीकडे तोंड करून म्हणालो, "तो बँड डब्लिनला येतोय. मी इराबरोबर जाईन." मला तिने बोलावलं नव्हतं, तरी म्हणालो.

एक राखाडी पाठीचा कावळा खाली उतरला, वडा उचलला आणि गेला.

इराने नाक पुसलं. "ग्रँड. बट यू'र नॉट सिंगिंग."

गुरुजींना समाधान वाटलं. मी मात्र अजून जळतोच आहे. इराला मधे न घेता, माझ्या एकट्याच्या शब्दावर येता आलं नसतं तुला?

असो, दिला शब्द पाळीन. कानठळ्या बसल्या तरी बाहेर पळणार नाही. तुमचं गाणं लागलं की मधे बोलणार नाही, त्या वेळी तिला तू पुरी मिळू दे. पण घरी परतताना गाडीत मी तिला विचारणार आहे, या गाण्यात आईला नक्की काय आवडायचं. आणि मग पुढच्या गाण्याचं विचारणार आहे. विचारतच राहणार आहे. तू आणखी थोडी थांबली असतीस, तर तुलाच विचारलं असतं.

तुझाच,
समीर