वाळूचा प्रमुख

११ जून, सकाळ

अरब देशांची मैदानी स्पर्धा आठवड्यावर आली. यंदा यजमान आम्ही, तेही आमच्या रादेस गावात, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. माझी नेमणूक लांब उडीच्या खड्ड्यावर झाली आहे. ओळखपत्रावर नुसतं 'स्वयंसेवक' छापलंय, पण खड्ड्यावर दाताळं एकच आहे आणि ते माझ्या हातात आहे. म्हणजे वाळूचा प्रमुख मीच.

नफीसा म्हणाली, तीस वर्षं हमामात गावच्या हॉटेलात चादरी ओढल्यात, आता वाळू ओढा. बायकोला हाउसकीपिंगचं मोल कधी कळलंच नाही. माझ्या मजल्यावर चादरीला एक सुरकुती कुणी दाखवली नव्हती.

संकल्प. एक, चहात साखर एकच चमचा. दोन, कुणाशी वाद नाही. तीन, खड्डा आरशासारखा.

१४ जून

प्रशिक्षण. मुख्य पंच सी हमादी, 'सी' म्हणजे आमच्याकडचं 'साहेब'. माझ्याच वयाचा, पण शिट्टी गळ्यात असल्यामुळे आवाज चढलेला. त्याने नियम सांगितले. उडी पडली की खेळाडूने पुढून किंवा बाजूने बाहेर पडायचं. वाळूतून, जिथून उडी घेतात त्या फळीच्या दिशेने मागे चालत आला की फाउल. पंचाने पांढरा झेंडा दाखवला की उडी वैध, मग खूण मोजायची. आणि मोजून होईपर्यंत दाताळं जमिनीवर. हे शेवटचं तो तीनदा म्हणाला, तिन्ही वेळा माझ्याकडे बघून. एवढं तर गाढवालाही कळतं.

सरावात एका पोराने उडी मारली आणि मी मोजायच्या आधी वाळू सारखी केली. दुसऱ्याने मारली, तेव्हाही. सगळे हसले. सरावात चुका व्हायलाच हव्यात, नाहीतर सराव कशाला?

१७ जून, संध्याकाळ

संघ आले. सौदी, मोरोक्को, इजिप्त यांच्या बसगाड्या. जिबूतीचा संघ टॅक्सीतून उतरला. एक मुलगी, एक कोच. मुलीचं नाव होदान, किडकिडीत, पाय मात्र पाहत राहावेत असे. उद्या लांब उडी, शेवटच्या दिवशी तिहेरी उडी. खड्ड्यापाशी आली आणि वाळूला हात लावू का म्हणून मला विचारलं. मला. प्रमुख कोण हे परक्या देशातल्या पोरीला कळलं, आमच्या कमिटीला नाही कळत.

कोच वाबेरी भला माणूस. सांगत होते, तिकडे ती समुद्रकिनाऱ्यावर सराव करते, भरती आली की सुट्टी. त्यांच्या संघटनेने स्पष्ट सांगितलंय, पदक आणलंत तर पुढच्या वर्षी पाठवू, नाहीतर हा प्रवास शेवटचा. मग ती आहे आणि मेहुण्याचं कापडाचं दुकान आहे.

मी तिला म्हटलं, बेटी, तू फक्त उडी मार. वाळू माझ्यावर सोड.

साखर दीड चमचा. उन्हामुळे.

१८ जून, संध्याकाळ

स्पर्धा उत्तम. लांब उडीचं सुवर्ण आपल्या एमनाला. मोठे पाहुणे खड्ड्यापर्यंत चालत आले. वाळू किती सुंदर ठेवलीय, असं स्वतः म्हणाले. टीव्हीवर मी दिसलो, दाताळ्यासकट.

एक बारीकशी गोष्ट झाली. लिहिण्यासारखी नाही.

१८ जून, थोड्या वेळाने

लिहितो. मनावर घेण्यासारखं काही नाही, पण वही आपलीच आहे.

होदानची शेवटची उडी. तोवर ती चौथी होती. धावत आली, फळीवर पाय बरोबर पडला, आणि अशी लांब गेली की मी एक पाऊल मागे सरलो. खड्ड्याच्या कडेला लावलेल्या एमनाच्या खुणेच्या चांगली वीतभर पुढे पडली. हे मला दिसलं, कारण मी शेजारीच उभा होतो. ती पुढून, अगदी नियमाप्रमाणे बाहेर पडली. त्याच वेळी पाहुणे कॅमेऱ्यासकट खड्ड्याकडे वळले. सी हमादी झेंडे काखोटीला मारून त्यांच्याशी हात मिळवत होता. आणि मी पाहिलं, पाहुणे दारात आणि चादर विस्कटलेली.

हात फिरला. दोनच फटके.

हमादी वळला. म्हणाला, खूण कुठे गेली? मी म्हटलं, पोरगी मागे चालत आली.

हे मी का म्हटलं ते मला खरंच ठाऊक नाही. जीभ तीस वर्षं हॉटेलात राहिलेली. तिथे काहीही झालं तरी पहिलं उत्तर असतं, पाहुण्यांनीच केलं असेल.

लाल झेंडा. होदान तिथेच उभी राहिली. वाबेरी आले. मला विचारलं, तुम्ही स्वतः पाहिलंत? मी मान हलवली. मान हलवणं म्हणजे काही बोलणं नव्हे. ते म्हणाले, वडीलधारा माणूस सांगतोय तर मग प्रश्नच मिटला. तक्रार नोंदवली नाही.

उद्या सकाळी हमादीला सगळं सांगणार. पहिलं काम तेच.

१९ जून

सकाळी आधी जिलानीच्या कॅफेत गेलो, रिकाम्या पोटी असल्या गोष्टी बोलू नयेत म्हणून. आत शिरलो तर सगळे उठून उभे राहिले. जिलानी म्हणाला, या सी तौहामी, आज तुमच्याकडून पैसे घेईन तर बापाचं नाव लावणार नाही. कोपऱ्यातला एकजण म्हणाला, एमनाने उडी मारली, पण सुवर्ण आणलं दाताळ्याने. मग हसणं, पाठीवर थापा. वरच्या रांगेत बसून यांनी सगळं पाहिलं होतं आणि यांना वाटतंय की मी मुद्दाम केलं. देशासाठी.

मी तीनदा म्हटलं, तसं काही नाही. जिलानी डोळा मारून म्हणाला, झाकली मूठ सव्वा लाखाची. चौथ्यांदा सांगायला गेलो तेवढ्यात दुसरी कॉफी आली. गावाशी भांडण नको, संकल्प क्रमांक दोन.

साखर मोजली नाही, ती जिलानीनेच घातली.

दुपारी हमादी भेटला नाही. म्हणजे दिसला, पण लांब होता. मध्ये शंभर मीटरची शर्यत चालू होती.

खाई त्याला खवखवे म्हणतात. मी तर काही खाल्लं नाही, दोन कॉफ्या तेवढ्या प्यालो. तरी घशाशी आल्यासारखं वाटतंय.

२० जून

हमादीला सांगितलं. धीर करून, सगळं.

तो म्हणाला, मला दिसलं होतं. हात पाहुण्यांच्या हातात होता, डोळे नव्हते. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, मी पाहुण्यांकडे पाठ करून वाळूकडे बघत बसलो असतो तर पुढच्या वर्षी शिट्टी दुसऱ्याच्या गळ्यात असती. आता गप्प बैस, फोटो छापून आलाय, सुवर्ण गळ्यात पडलंय. त्या पोरीची परवा तिहेरी उडी आहेच की. तिथे मिळेल तिला.

मी आठवण करून दिली, प्रशिक्षणात तूच म्हणाला होतास की शेवटच्या दिवसापर्यंत अपील समिती बसलेली असते आणि साक्षीदार आला तर उडी परत द्यायला लावते. तो म्हणाला, साक्षीदार तू आहेस, मी नाही. जायचं तर जा, खोली जिन्याच्या खाली आहे.

हे ऐकून बरंच हलकं वाटलं. दोघांना माहीत आहे म्हणजे दोष अर्धा अर्धा झाला. माझ्या अर्ध्यातला थोडा पाहुण्यांचा, वेळ न बघता आल्याबद्दल. थोडा वाबेरींचा, लगेच विश्वास ठेवल्याबद्दल. उरतो तो फारच किरकोळ.

घरी नफीसाला म्हटलं, माझ्या एका मित्राच्या हातून एक चूक झालीय. तिने पूर्ण ऐकून घेतलं. कपड्यांच्या घड्या घालता घालता म्हणाली, तुमच्या मित्राला विचारा, चादर ओढली की डाग जातो का? आणि त्याला म्हणावं साखर कमी कर, दोन दिवसांत डबा रिकामा केलाय मेल्याने.

मी मित्राचं नाव सांगितलं नव्हतं.

२१ जून

उद्या तिहेरी उडी. आज सकाळी सरावाच्या मैदानावर गेलो, होदानलाच थेट सांगायला. समिती वगैरे कशाला, माणसाने माणसाशी बोलावं.

ती वाळूत उड्या मारत नव्हती. वाळूत बसायची, उठायची आणि पुढून बाहेर पडायची. परत जाऊन बसायची, उठायची, बाहेर पडायची. मला पाहून हसली. शाळेत शिकवतात तसल्या स्वच्छ अरबीत म्हणाली, काका, मी मागे कधी आले ते मला आठवतच नाही. रात्रभर आठवून पाहिलं. पण तुम्ही पाहिलंत म्हणजे आले असणार. उस्ताद वाबेरी म्हणतात, वाळूत पडल्यावर तुझं भान जातं. म्हणून बाहेर पडण्याचाच सराव करतेय. तुम्ही जरा बघाल का, बरोबर जमतंय का?

मी उभा राहिलो. ती बसली, उठली, बाहेर पडली, माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बरोबर. पुन्हा. बरोबर. ऊन डोक्यावर येईपर्यंत मी बरोबर, बरोबर म्हणत होतो. शेवटी तिने मला तिच्या बाटलीतलं पाणी दिलं.

सांगणारच होतो. पण स्पर्धेच्या आदल्या दिवशी खेळाडूचं मन विचलित करू नये, हे कुणीही सांगेल. उद्या ती पदक जिंकेल, मग मी सांगेन, मग आम्ही दोघंही हसू. असंच करायचं.

लाज वाटते. कशाची ते नेमकं सांगता येत नाही.

२२ जून, संध्याकाळ

होदान सहावी.

प्रत्येक उडीनंतर ती वाळूत गोठल्यासारखी उभी राहायची, माझ्याकडे बघायची, मी मान हलवली की पाऊल टाकायची. प्रेक्षकांना गंमत वाटली, टाळ्या पडल्या. चौथ्या उडीला तर ती हवेत असतानाच तिची मान माझ्याकडे वळली. वाबेरी ओरडत होते, समोर बघ, समोर. शेवटच्या उडीला तिने वेग आधीच कमी केला. पडली जवळच, पण बाहेर अशी पडली की पुस्तकात छापावी.

मी दाताळं एकदाही आधी उचललं नाही. खड्डा निर्दोष.

मग ती बूट हातात घेऊन माझ्याकडे आली. म्हणाली, काका, आज तरी चूक झाली नाही ना? मी म्हटलं, नाही बेटी, एकही नाही. तिने माझा हात धरून कपाळाला लावला.

तिथून सरळ अपील समितीच्या खोलीवर गेलो. दार उघडं होतं. आत तिघंजण कागद खोक्यात भरत होते. एकजण म्हणाला, काही काम होतं का? घाईत असलेल्या माणसांना अडवणं माझ्या स्वभावात नाही. मी विचारलं, दाताळं कुठे जमा करायचं? त्यांनी दाखवलं.

समारोपाला मला प्रशस्तिपत्र मिळालं. उत्कृष्ट सेवेबद्दल. टाळ्या सगळ्यात जास्त आमच्या कॅफेवाल्यांच्या. प्रशस्तिपत्र नफीसाने बघितलं, दिवाणाखाली सरकवलं आणि म्हणाली, तिथे धूळ बसत नाही.

२३ जून, सकाळ

झोप नाही. पण आता सगळं स्पष्ट दिसतंय. जिबूतीच्या दोघांचं विमान दुपारचं. विमानतळावर जायचं, वाबेरींच्या समोर होदानला सांगायचं. पदक आता कुणी देणार नाही, मान्य. पण वाबेरी परत जाऊन संघटनेला सांगू शकतील की पोरीची उडी सुवर्णाची होती आणि ती एका म्हाताऱ्याने पुसली. त्यांना तसं लिहून दिलं तर कदाचित पुढच्या वर्षीही पाठवतील तिला. आणि नाही पाठवली तरी निदान कापड मोजताना ती आपण मागे कधी आलो ते आठवत बसणार नाही.

फार बोलायचं नाही. वाक्य एकच ठरवलंय. होदान, तू मागे आली नव्हतीस. आरशासमोर म्हणून पाहिलं. नफीसा दारातून ऐकत होती. तिने कैरवानहून आलेले मक्रूद, पाकातल्या खजुराच्या वड्या, डब्यात भरून दिले, पोरीला वाटेत खायला. माझी कॉलर नीट केली. इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच माझी सुरकुती काढली.

चहा बिनसाखरेचा.

२३ जून, दुपार, बसथांब्यावर

बस चुकली.

नाही. बस आली होती. दार माझ्या समोरच उघडलं. ड्रायव्हर म्हणाला, काका, चढताय ना? मी म्हटलं, पुढच्या बसने येतो. तो म्हणाला, ही रिकामी आहे, बसा की. मी म्हटलं, नको, पुढची.

पुढचीही आली.

आता विमान गेलं असेल. डबा मांडीवर आहे, मक्रूदांचा पाक झाकणातून पँटवर उतरलाय. मघाशी थांब्यावर कुणी नव्हतं, तेव्हा ते वाक्य मोठ्याने म्हणून पाहिलं. एकदाही अडखळलो नाही.