‘परदेशी जाणारा माल’ ही पाटी उतरवण्याबाबत

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, द्राक्षं परदेशी पाठवणाऱ्या पॅकिंग हाऊसची मालकीण, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझ्यावर कुणाचा दबाव नाही. आहे ती लाज, आणि ती माझी स्वतःची आहे.

१. राहतं घर मुलीला. ती म्हणेल, "मला कशाला, दादाला द्या." तिचं ऐकू नये. बँकेतली ठेव दोघांत निम्मी.

२. तोडणीची कात्री आणि गोडी मोजायचं यंत्र मुकादमबाईंना. फळाला बोट न लावता घड देठाने उचलायचा, हे मला त्यांनीच शिकवलं.

३. तिकडचा व्यापारी बाजार पडला की "देठ सुकलेत" म्हणून भाव पाडायचा. बाजार चढला की माझे देठ हिरवेगार. त्याला काहीही नाही. राग तेवढा कायम आहे.

४. पॅकिंग हाऊस, शीतगृह आणि चौकातलं दुकान मुलाला, पण एका अटीवर. माल जहाजावर चढण्याआधी प्रयोगशाळेत त्यातला फवारणीच्या औषधाचा अंश तपासतात. तिकडचे देश मर्यादा अधूनमधून खाली आणतात आणि गेल्या वर्षी पास झालेली बाग यंदा नापास होते. त्या नियमांना मी आयुष्यभर नावं ठेवली. नापास माल मात्र कधी फेकला नाही. तो चौकातल्या दुकानात, ‘परदेशी जाणारा माल’ या पाटीखाली विकला. त्याला इथे कुणी हरकत घेतली नाही. कायद्याने तुम्ही निर्दोष आहात, असं वकिलांनी दोनदा सांगितलं. पण नातवंडांनी त्या पेटीत हात घातला की मी म्हणायचे, "आंबट आहेत रे, नको." आपला तो बाब्या.

परवा पुन्हा एक बाग नापास झाली. पेट्या खड्ड्यात पुरा म्हटलं, तर मुलगा म्हणाला, "आई, इथे कोण तपासतंय?" वाक्य माझंच. लहानपणापासून तो ते ऐकत आलाय.

तेव्हा अट अशी: पाटी उतरवावी, आणि जो माल तिकडे नापास तो इथेही नापास समजावा. अट मोडल्यास हे सगळं मुलीकडे जावं.

५. मोत्यांचा सर धाकट्या जाऊला द्यायचा होता. तिच्या सुनेला दिवस गेले होते तेव्हा ती त्याच दुकानातून द्राक्षं न्यायची. म्हणायची, "बाहेरची नकोत बाई, तुमची खात्रीची." मी हसून पिशवी भरायचे. बाळ सुखरूप आलं, त्यात माझी पुण्याई काही नाही. वकील म्हणाले, साक्षीदाराला काही देता येत नाही. म्हणून सर मुलीला, आणि जाऊला साक्षीदार केलं आहे. तोंडाने सांगायचं धाडस झालं नाही. सही करायची तर तिला वाचावं लागेल.

ठिकाण: पॅकिंग हाऊसचं ऑफिस, वजनकाट्याशेजारी.
दिनांक: यंदाच्या तोडणीचा शेवटचा दिवस.

सही: मालकीण

साक्षीदार १: घरचे डॉक्टर. सही केली.

साक्षीदार २: धाकटी जाऊ. ताई, वाचलं. सही करते. काही दिवस घरी येऊ नका. मीच येईन तेव्हा येईन.