साळूबाईची बातमी

आदरणीय नरहरीकाका,

तुम्ही 'घाटवार्ता' लासलगावच्या कांदा व्यापाऱ्याला विकलात, तेव्हा म्हणाला होतात, "उत्तम, पेपर सांभाळ." त्या व्यापाऱ्याने तो पुढे एका बिल्डरला विकला. वृत्तसंपादक मात्र मीच राहिलो.

सोमवारी मालकांच्या नव्या इमारतीची परांची कोसळून एक मजूर गेला. मालकांचा फोन आला आणि मी ती बातमी काढून टाकली. बुधवारी त्याची बायको साळूबाई अंक घेऊन ऑफिसात आली.

"भाऊ, मला वाचता येत नाय. आमच्या माणसाचं कोणत्या पानावर हाय?"

मला खरं सांगवलं नाही. "उद्या येईल," म्हणालो.

मग मी स्वतः बातमी लिहिली आणि मालकांच्या नावासकट पहिल्या पानावर लावली. गुरुवारी सकाळी मला कामावरून काढलं. दुपारी मी साळूबाईच्या झोपडीत जाऊन बातमी वाचून दाखवली. नवऱ्याचं नाव आलं तशी ती म्हणाली, "परत वाचा." मी तीनदा वाचली.

हे तुम्हाला कळवावंसं फार वाटतं. पण पेपर विकल्याचा दोष तुम्ही या वयात स्वतःला लावून घ्याल, म्हणून पत्र माझ्याजवळच ठेवतो.

तुमचा,
उत्तम पगारे