पुढच्या बाकावरचं पाणी

निंबर्गा, ८ जानेवारी १९८७

चि. व्यंकटेश यास अण्णाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

शाळेची तपासणी परवा पार पडली. नेहमीप्रमाणे हुशार पोरं पुढच्या बाकावर बसवली, मठ्ठ पोरांना सरपण आणायला धाडलं. साहेब संतुष्ट होऊन, शेंगाच्या पोळ्या खाऊन गेले. तुझ्या वहिनीने पोळ्या लाटता लाटता हा सोहळा पंचविसाव्यांदा पाहिला.

गावात कंपनी आली आहे. काशाप्पा धनगराच्या माळावर खोल बोअर पाडून दगडाच्या पोटात गॅस शोधते. टँकरची टँकर पाणी, रेती आणि कसलंसं औषध एवढ्या जोराने आत दाबतात की खाली दगड तडकतो आणि वर आमच्या फळीवरची भांडी वाजतात. वर आलेलं पाणी उघड्या खड्ड्यात सोडून देतात. औषधात काय आहे, असं मी इंजिनियरला विचारलं. ते गुपित आहे म्हणाला.

महिनाभरात आमच्या आडावर तेलकट तवंग आला, बुडबुडे फुटू लागले. काशाप्पा म्हणतो, मेंढरं वास घेऊन माघारी फिरायलेत. मेंढरांना वाचता येत नाही, त्यामुळे पाण्याला धोका नाही असं कंपनीने वाटलेलं पत्रक त्यांच्यापर्यंत पोचलं नसावं.

थट्टा पुरे. नलीला सातवा लागला. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणजे तिला आणायला हवं. हे पाणी लेकीला पाजावं की नाही? प्रयोगशाळेतल्या तुझ्या मित्राकडून तपासून घे. वहिनीने बाटली भरून ठेवली आहे. काशाप्पा घोंगड्या विकायला गुलबर्ग्याला येतो आहे, त्याच्याजवळ देतो. तुझा कागद आल्याशिवाय नलीला आणत नाही.

लोभ आहे, तो आडात पडू देऊ नये.

तुझा,
पांडुरंग

गुलबर्गा, २७ जानेवारी १९८७

ती. अण्णांच्या चरणी व्यंकटेशाचे शि. सा. न. वि. वि.

पाण्याचा दाखला सोबत आहे. पाणी इतकं निर्मळ निघालं की मित्राने विचारलं, हे कुठल्या डोंगरातलं? तुम्हाला कंपनीची खोट काढायची होती, ती निघाली नाही, याबद्दल तुमचं सांत्वन करतो. नलीला खुशाल आणावं. कंपनीचे एक साहेब आमच्या कचेरीत येत असतात. त्यांनी दाखल्याची नक्कल मागितली, ती दिली.

वहिनींना नमस्कार. पुढच्या खेपेला बाटलीऐवजी पोळ्या धाडाव्यात.

धाकट्यावर आहे ती माया तशीच राहू द्यावी.

आपला,
व्यंकटेश

निंबर्गा, २ मार्च १९८७

चि. व्यंकटेश यास अनेक आशीर्वाद. वि. वि.

नली आली. तुझा दाखला कंपनीने फ्रेम करून चावडीवर लावला आहे, खाली लिहिलंय, ‘मुख्याध्यापकांच्या आडाचे पाणी’. पंचवीस वर्षं शिकवून जे नाव मिळालं नाही, ते आडाने मिळवून दिलं. तवंग अजून दिसतो, पण शिक्क्यापुढे डोळ्यांचं काय चालतं?

तुझ्या वहिनीचं मात्र कळत नाही. नली आल्या दिवसापासून टेकडीमागच्या झऱ्यावरून घागर आणायची, जाऊन येऊन तीन मैल. लोक हसू लागले, दाखला मास्तरच्या आडाला अन् मास्तरीण पाणी भरते बाहेरून. मी रागावून ते बंद केलं. तिने घागर पालथी घालून ठेवली.

नली म्हणते, अप्पा, पाण्याला गंजल्या खिळ्याची चव लागायलीय, डोकं दुखायलंय. मी तिला दाखला वाचून दाखवला.

माझ्या कुरकुरीसकट लोभ ठेवावा.

तुझा,
पांडुरंग

निंबर्गा, २८ एप्रिल १९८७

चि. व्यंकटेश यास आशीर्वाद.

नलीचं तारेने कळवलंच होतं. मुलगा होता. रडला नाही. आळंदच्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, पाण्यानेच झालं असं सांगता येत नाही, पाण्याने नाही झालं असंही सांगता येत नाही. एवढं प्रामाणिक वाक्य मी या वर्षात दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही.

परवा तुझ्या वहिनीने तोंड उघडलं. ती बाटली आडातली नव्हतीच. राखेने तीनदा घासून, झऱ्यावर जाऊन, फडक्याने गाळून तिने ती भरली होती. मी विचारलं, कामून? तर म्हणाली, “तपासणी म्हणलाव. तपासणीला तुम्ही कधी मठ्ठ पोरगं पुढं बसवलाव का?”

मग नंतर तरी का सांगितलं नाहीस, असं विचारलं. म्हणाली, तवर तुमचं नाव फ्रेममधी लागलं होतं.

पंचवीस वर्षांत माझा एक धडा कुणीतरी पुरता शिकलं, आणि ते वर्गात नव्हतंच.

चावडीवर जाऊन दाखला परत मागितला. कंपनीचा माणूस म्हणाला, शिक्का खरा आहे. खरा आहेच.

सोबत दुसरी बाटली. आडातली. मीच भरली, घासली नाही, गाळली नाही. झाकण उघडताना दिवा लांब ठेवायला तुझ्या मित्राला सांग.

नली काल सासरी गेली. निघताना आईने सवयीने पाण्याचा तांब्या पुढे केला. नलीने तो हातात घेतला, वास घेतला आणि खाली ठेवला.

लोभाचं या खेपेला काही लिहीत नाही. बाटली पोचली एवढं कळव.

पांडुरंग