चुना टाकू का, असं तुम्ही विचारलंत

सर, तुम्हाला जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्यामुळं मला मधेच खाली बसवायला कुणी नाही. नववीचा वर्ग आहे. तुम्ही विचारता, मासा अंगातली घाण कुठून बाहेर टाकतो? मामाच्या कॉलेजच्या पुस्तकात मी ते वाचलेलं. उठून म्हणतो, "कल्ल्यातनं, सर." तुम्ही खडू खाली ठेवता. "कल्ल्यातनं? मग तू नाकातनं मुततोस व्हय रं?" वर्ग इतका हसला की शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीशी आली. त्या दिवसापासून गावानं मला नाकमुत्या केलं. दहावीला मी तुमच्या शाळेत आलोच नाही. चिंचोळी एमआयडीसीत हेल्पर म्हणून लागलो.

पुढचं माझं मी शिकलो, मांडीवर डिक्शनरी घेऊन. आता नीट ऐका. मासा शेंगपेंड खातो. पेंडीतल्या प्रथिनांची अमिनो आम्लं होतात. अंगाला लागतात तेवढी लागतात, उरलेल्यांचा निकाल मुख्यतः यकृतात लागतो. तिथली काही विकरं, म्हणजे एन्झाइम, त्यांच्यातला नायट्रोजनचा भाग काढून ग्लुटामेट बनवतात, आणि ग्लुटामेट डिहायड्रोजनेज नावाचं विकर त्यातून अमोनिया मोकळा करतं. माणसाचं यकृत पुढं त्या अमोनियाचा युरिया करत बसतं, त्यात ताकद जाते. माशाच्या चहूबाजूंनी पाणी. तो कशाला ती उठाठेव करील? अमोनिया रक्तातून कल्ल्यांपर्यंत येतो आणि पाण्यात निघून जातो. थोडा युरिया मासाही करतो, मूत्रपिंडही थोडं काम करतं, ते मी नाकारत नाही. अर्धवट बोलायची सवय मला नाही. पण बहुतेक सगळा कल्ल्यातनं. कल्ल्यातनं, सर.

रिटायर झाल्यावर तुम्ही शेततळं काढलंत, रोहू आणि कटला सोडले. तोवर माझी मत्स्यबीजाची शेड गावाबाहेर चांगली चालली होती. एका सकाळी तुम्ही गाडीवरून आलात आणि मला ओळखलं नाहीत. "मालक, पाण्याला वास मारतोय. मासे वर येऊन तोंड वासतायत. पेंड तर पोटभर टाकतोय की मी." मी लगेच समजलो. पेंड जास्त, म्हणून अमोनिया जास्त. पेंड बंद करायची आणि ताजं पाणी सोडायचं, एवढंच काम होतं. तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "चुना टाकू का? चुन्यानं पाणी साफ होतंय म्हणतात."

इथंच तळ्यावरची माणसं चुकतात. तळं रिकामं असताना चुना टाकतात, ते बरोबर. पण घाण झालेल्या भरल्या तळ्यात चुना पडला की पाणी अल्कधर्मी होतं, आणि त्यातला फारसा न बाधणारा अमोनिया विषारी रूप घेतो. मग कल्ल्यातून बाहेर जायचा तो रक्तातच साचतो, वर बाहेरचाही आत शिरतो. हे सगळं माझ्या जिभेवर होतं. मी म्हणालो, "तुम्ही विज्ञानाचे सर. तुम्हाला मी काय सांगणार?"

"ते बी खरंच," म्हणत तुम्ही खुशीत गाडीला किक मारलीत.

दुसऱ्या दिवशी दुपारी तळ्यावर पांढरी पोटं तरंगत होती. मी काठावर उभा राहून पोटभर बघितलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. पण तुमच्या डोक्यात चुना आलाच नाही. बांधावरून धाकट्या भावाशी तुमचं वाजलेलं होतं. त्यानंच औषध कालवलं, असं तुम्ही धरून बसलात. मला बाजूला घेऊन विचारलंत, "त्यानंच केलं असंल की?" मी म्हणालो, "असंल, सर." मरेपर्यंत तुम्ही त्याच्याशी बोलला नाहीत. तुमच्या मातीला तो आला आणि रस्त्याच्या पलीकडंच उभा राहिला.

मासे तुम्ही मारलेत. भाऊ मी तोडला. हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, पण त्याचं घर माझ्या शेडपासून हाकेच्या अंतरावर आहे. तिथं द्यायला हवा, हे मला कळतं. देणार नाही. तो रोज सकाळी शेडवरून जाताना मला हात करतो, आणि सर, तेवढं मला लागतं.