तुझ्या पप्पांच्या सायकलीचं वय

प्रिय ग्रेगरी,

परशुरामचा रामराम घे. लॉराला आणि जावयांना आशीर्वाद सांग. ऑकलंडला सध्या थंडी की उन्हाळा हे माझ्या कधीच लक्षात राहत नाही, तेव्हा जे असेल त्यात प्रकृतीला जप. आम्ही इकडे बरे आहोत. तुझ्या वहिनीचं ब्लडप्रेशर गोळीने आटोक्यात आहे आणि माझं, ती चिडलेली नसेल तर, आटोक्यात असतं.

पत्रास कारण, सायकल. लेकीकडे कायमचा जाताना तू ती माझ्या हवाली केलीस, ती अजून आमच्या पडवीत आहे. (पडवी म्हणजे आता बिल्डिंगच्या पार्किंगमधला एक खांब. मी त्याला पडवीच म्हणतो, वॉचमनही म्हणायला लागलाय.) आमच्या चिरंजीवांच्या, कमलेशच्या, डोक्यात आलंय की ती विकावी. घोडबंदर रोडला एक नवं हॉटेल निघालंय, त्यांना जुनी सायकल हवी आहे. भिंतीवर टांगायला! म्हणजे लोक खाली बसून पिझ्झा खाणार आणि तुझ्या पप्पांची सायकल वरून बघत राहणार. मी नाही म्हणालो, तर कमलेश म्हणाला, आधी तिचं वय आणि किंमत तरी कळू दे. माणसाचं वय विचारायला लागले की त्याला कुठेतरी हलवायचा बेत असतो, हे मला चांगलं ठाऊक आहे.

पहिली परीक्षा मोबाईलने घेतली. कमलेशने फोटो काढला आणि मोबाईल म्हणाला, शिवणयंत्र. मग त्याने तो कुठल्याशा ग्रुपवर टाकला. तिथे एकाचं मत पडलं की ही दुसऱ्या महायुद्धातली, दुसऱ्याचं की गेल्या वर्षी भंगार बाजारात मुद्दाम जुनी केलेली. शेवटी डोंबिवलीहून हरिहर नावाचे एक गृहस्थ आले. त्यांचं जुन्या सायकली जमवणाऱ्यांचं मंडळ आहे. भिंग, टॉर्च, हातमोजे असा सरंजाम. तुझ्या वहिनीला वाटलं माझीच तपासणी आहे, तिने मला उपाशी ठेवलं.

हरिहरांनी सीटखाली नंबर शोधला. कसा सापडणार? आपण दर दसऱ्याला घरात उरलेला ऑईलपेंट तिला फासत आलो. त्यांनी नखाने थोडा खरवडला. गुलाबी निघाला. मी म्हटलं, हा आमच्या नयनच्या लग्नातल्या कमानीचा. खाली हिरवा निघाला, मिठागराच्या ऑफिसच्या दाराचा. त्याखाली निळा. तो तुझ्या पप्पांनी गावातल्या क्रुसाचा कठडा रंगवून उरवलेला, आठवतं? तिथे मी त्यांचा हात धरला. मिठागर गेलं, कठडा रस्तारुंदीत गेला, तुझे पप्पा गेले, आणि हा मनुष्य तो निळा रंगही नखाने काढायला निघाला होता. ते म्हणाले, काका, या रंगांनीच हिची किंमत घालवली, हे सगळं काढून मूळ काळा आणावा लागेल. मला एवढा राग आला, की मी त्यांना दुसरा चहा विचारला नाही. (तुझ्या वहिनीने विचारला. बेसनाचा लाडूही दिला.)

मग ते म्हणाले, जरा चालवून दाखवा, चेनचा आवाज ऐकायचाय. जुन्या सायकलीवर मालकाशिवाय कोणी बसायचं नाही असा त्यांच्या मंडळाचा नियम आहे म्हणे. मी कमरेला हात लावून कण्हलो. तुझी वहिनी मध्येच बोलली, "रोज हातान धरून हिंडवताव, यकदा बसा तं तिच्यावर!" मी टायरच्या तब्येतीबद्दल काहीतरी सांगून वेळ मारून नेली.

निकाल असा: सायकल स्वातंत्र्याआधीची असेल तर हरिहर स्वतः नेणार, नंतरची असेल तर हॉटेलवाले. कसंही झालं तरी ती जाणारच. पप्पांनी ती कुठल्या साली आणली ते फक्त तुला माहीत, आणि पुढच्या महिन्यात हरिहर उत्तर न्यायला येणार. तरी साल कळवावे, ही विनंती.

तुझा,
परशुराम

ता. क. साल कळवू नकोस. त्याऐवजी 'मी स्वतः येतोय, तोवर सायकलीला कोणी हात लावायचा नाही' असं ठळक अक्षरात लिही. कमलेश तुझा शब्द मोडणार नाही. खरं नसलं तरी चालेल. खरं असलं तर पापलेट आणतो.

ता. क. दुसरा. तुझ्यापासून काय लपवायचं, मला सायकल येत नाही. कारखान्यात जाता-येता जन्मभर तू पुढे आणि मी कॅरियरवर, शिकायची वेळच आली नाही. तू गेल्यापासून हँडलला भाजीची पिशवी अडकवून मी तिला हाताने धरून बाजारात नेतो आणि तशीच धरून आणतो. लोकांना वाटतं, म्हातारा सायकलीला जपतो. तू पुढून बोलायचास, अर्धं वाऱ्यावर जायचं, उरलेल्या अर्ध्याला मी हूं म्हणायचो. अजूनही रस्त्यात चुकून हूं म्हणतो.

ता. क. तिसरा आणि शेवटचा. काल तुझा पुतण्या केनेथ भेटला. म्हणाला, अंकलला डॉक्टरने रोज सायकल मारायला लावलीय, घरातच, जागेवर उभी असलेली, पुढे जात नाही आणि मागे कोणी बसत नाही. मग ग्रेगरी, तू बोलतोस कोणाशी रे?