बारडोलीच्या पुढचं धुकं

भेस्तान, सुरत
जानेवारी १९९७

धम्मरत्नदादा, तुला आणि वहिनीला जयभीम.

बाबा गेले त्या सकाळी माझी बस बिघडली, असं मी तुला सांगितलं होतं. ते खोटं होतं. बस मीच थांबवायला लावली.

बारडोलीच्या पुढे इतकं धुकं होतं, की ड्रायव्हर खिडकीतून डोकं बाहेर काढून बघत होता. एकाएकी समोर उसाची ट्रॉली आली, मागे दिवा नाही. हातभर अंतरावर ब्रेक लागला. तरी लोक ओरडत होते, "चला, उशीर होतोय." माझी छोटी जागृती मांडीवर मला घट्ट बिलगली होती. मी उठून म्हटलं, "भाई, ऊन पडेपर्यंत उभी राखो. साथे नानी छोकरी छे." त्याने बस कडेला घेतली.

दोन तास आम्ही तिथेच बसलो. तिकडे बाबा माझं नाव घेत गेले. मी नंदुरबारला पोचले तेव्हा तुम्ही मातीवरून परतला होतात. तू माझ्याकडे बघितलंही नाहीस.

वर्षभर हे खोटं सांभाळून मी थकले रे, दादा. पण खरं सांगायचं तर हेही सांगावं लागेल, की पुन्हा तसं धुकं पडलं तर मी पुन्हा बस थांबवीन. ते तुला ऐकवायची हिंमत नाही, म्हणून हे पत्र टपालात टाकत नाही.

तुझीच,
विशाखा